मापसाहेब चिपला लबाड ठरवतात

प्रिंटर म्हणाला, निळी शाई संपली. मापसाहेबांचा विश्वास बसला नाही.

कुणी 'संपलं' म्हणो की 'भरलंय' म्हणो, त्यावर विश्वास न ठेवण्याचाच पगार त्यांनी उभ्या नोकरीत घेतला होता. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजाराच्या तोंडाशी त्यांची स्कूटर दिसली की दुकानदार तराजूखालची धूळ झटकायला लागत, आणि त्या निमित्ताने तराजूखाली चिकटवलेलं आणखीही काहीबाही काढून टाकत. निवृत्तीनंतर स्कूटर विकली, सवय तेवढी राहिली. औषधाची बाटली आणली तर ते आधी उजेडाला धरून पातळी बघत आणि मग डोस घेत. इमारतीतल्या लोकांनी त्यांचं नाव सोयीने वाटून घेतलं होतं. समोर आले की 'साहेब', पाठ वळली की 'माप'.

प्रिंटर मात्र त्यांचा नव्हता, बायकोचा होता. ती विणकाम करायची. नुसते स्वेटर नव्हेत, स्वेटरवर चित्रं. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून ती आधी नक्षी काढायची आणि त्या घरांबरहुकूम टाके घालायची. यंदा वाचनालयाने तिला चक्क वर्ग घ्यायला बोलावलं होतं. शनिवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या सभागृहात. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात खंड्या पक्ष्याच्या नक्षीचा रंगीत कागद द्यायचा होता. निळे पंख, नारिंगी पोट, पांढरा गळा, काळी चोच. नक्षी तिने चार-पाच संध्याकाळी बसून हाताने रंगवली होती. परगावी असलेल्या मुलीने ती संगणकावर उतरवून पाठवली होती. राहिलं होतं ते फक्त छापायचं.

इतकी वर्षं ही बाई 'साहेबांची बायको' म्हणून ओळखली गेली. चार लोकांसमोर उभं राहून बोलण्याचा प्रसंग तिच्यावर कधी आला नव्हता. तिला तो हवा होता आणि त्याची धास्तीही होती. घरात कुणी नाही असं बघून ती कपाटासमोर उभी राहायची आणि घडी केलेल्या चादरींना उद्देशून म्हणायची, "नमस्कार. मी…" पुढे तिची गाडी अडायची. मापसाहेबांनी हे दाराआडून दोनदा ऐकलं होतं आणि ऐकलं नाही असं दाखवलं होतं.

"कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणू का?" असं तिने आधीच विचारलं होतं. ते म्हणाले होते, घरात मशीन असताना बाहेर कशाला? ती म्हणाली, नक्की ना? ते म्हणाले, नक्की. यातला 'नक्की' हा शब्द पुढे त्यांना बराच महागात पडला.

खरं कारण दुकानाचं होतं. कोपऱ्यावरच्या त्या झेरॉक्सवाल्याशी त्यांचं मागे एकदा वाजलं होतं. कागदाच्या गठ्ठ्यात काही कागद कमी भरले म्हणून त्यांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, ग्राहकाचे हक्क या विषयावर छोटेखानी भाषण केलं होतं आणि या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही असं जाहीर केलं होतं. तेव्हापासून ते त्या दुकानावरून जाताना मान दुसरीकडे वळवत. दुकानदारही आपल्याला बघून मनात जळत असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

तर, निळी शाई संपली असं प्रिंटर म्हणाला. मापसाहेबांनी झाकण उघडून निळं कार्ट्रिज बाहेर काढलं आणि कानाशी धरून हलवलं. मग ते स्वयंपाकघरात गेले, ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि भाजीच्या सुरीने त्यांनी ते कार्ट्रिज उभं चिरलं. आतला स्पंज निळाशार भिजलेला होता. तो त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या मापात पिळला. बऱ्यापैकी शाई निघाली. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्यांना मान्य होतं. पण इथे आडात पाणी होतं आणि पोहरा सोडायलाच बंदी होती. म्हणजे गिऱ्हाइकाने विकत घेतलेला माल त्याच्या हातात असताना त्याला तो वापरू द्यायचा नाही. असला प्रकार त्यांनी भंगारवाल्यांच्या बाजारातसुद्धा पाहिला नव्हता.

त्यांनी बायकोला बोलावून ते माप दाखवलं. तिने मापाकडे बघितलं, चिरलेल्या कार्ट्रिजकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे थोडी होती, तीही गेली."

या मुद्द्यावर मापसाहेबांनी विचार केलेला नव्हता. पुरावा गोळा करताना थोडं नुकसान व्हायचंच, असं ते म्हणाले.

कंपनीला फोन लावला. बरंच संगीत ऐकवून झाल्यावर एक मुलगी बोलली. ती अतिशय गोड आवाजात बोलत होती आणि ते म्हणतील त्या प्रत्येक वाक्यावर त्यांचे आभार मानत होती. शाई शिल्लक असताना संपली असं का सांगता, असं त्यांनी विचारलं. त्यावर तिने सांगितलं, शाई संपलेली नाही सर, कार्ट्रिजचं आयुष्य संपलंय. मग समजावून सांगितलं की कार्ट्रिजवर एक चिप असते. ती नखाएवढी सोनेरी पट्टी. आत किती शाई आहे हे ती कधी बघत नाही. किती थेंब उडाले ते नुसती मोजत राहते आणि ठरलेला आकडा आला की संपलं म्हणते.

"न बघता?" मापसाहेबांनी विचारलं.

न बघता, असं म्हणून तिने पुन्हा आभार मानले.

त्या दिवशी ते जेवले नीट नाहीत. कोणी कमी माप देतं हे त्यांना नवीन नव्हतं. मापात पाप करणारे किती जण त्यांच्या हाताखालून गेले होते. पण तो माणूस निदान तराजूकडे बघून पाप करायचा. मालाकडे ढुंकूनही न बघता नुसता आकडा सांगणारं माप म्हणजे त्यांच्या अख्ख्या खात्याच्या थोबाडीत होती.

दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या जुन्या ऑफिसात गेले. तिथे त्यांच्या खुर्चीवर आता त्यांचाच एके काळचा हाताखालचा माणूस बसला होता. त्याने उठून नमस्कार केला, चहा मागवला आणि त्यांना पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. तो त्यांनीच आखूड ठेवला होता. पाहुण्याने फार वेळ बसू नये म्हणून त्यांनी नोकरीत असताना ती खुर्ची कधी दुरुस्त होऊ दिली नव्हती. आता त्या खुर्चीवर डुगडुगत त्यांनी चिपची कथा सांगितली. नव्या साहेबाने सगळं ऐकून घेतलं, कार्ट्रिजचा डबा मागून घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला की डब्यावर शाई किती हे लिहिलेलंच नाही. पानं किती निघतील ते लिहिलंय, तेही 'सुमारे'. आणि पानं हे काही आपल्याकडचं माप नव्हे. तरी साहेबांचा आग्रह असेल तर तक्रार नोंदवता येईल. अर्ज तीन प्रतींत लागेल. छापील.

मापसाहेब चहा संपवून उठले. खुर्ची डुगडुगली.

ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही आणि जिन्यात सल्ल्यांची रांग लागली. समोरच्या घरातले निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, नवा प्रिंटर घ्या, जुन्या वस्तूत जीव अडकवू नये. त्यांच्या स्वतःकडे प्रिंटर नव्हता, त्यामुळे त्यांचं मत अगदी स्वच्छ होतं. वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी मात्र कामाची गोष्ट सांगितली. त्यांच्या दवाखान्यात असाच प्रिंटर होता. ते म्हणाले, बाटलीतली शाई आणायची, इंजेक्शनच्या सिरिंजने कार्ट्रिजमध्ये भरायची आणि चिप रीसेटरवर दाबायची. रीसेटर म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी असते. तिच्या टोकाला बारीक पिना असतात. त्या चिपवर टेकवून धरल्या की दिवा तांबड्याचा हिरवा होतो आणि चिप आजवर मोजलेलं सगळं विसरते. तिला वाटतं आपण नवीन कोऱ्या आहोत, भरलेल्या आहोत. डॉक्टरांनी बोथट सुईच्या दोन सिरिंजा आणि हातमोजेही दिले. वर म्हणाले, भरताना थोडी जागा मोकळी सोडा साहेब, काठोकाठ भरू नका, अंदाजाने भरा.

यातला 'अंदाजाने' हा शब्द मापसाहेबांना शिवीसारखा लागला. पण त्याहून मोठी पंचाईत निराळीच होती. मोजणाऱ्या यंत्राचा आकडा मागे फिरवायचा! हेच केलं म्हणून त्यांनी एका पेट्रोल पंपाला सील ठोकलं होतं. रिक्षांचे मीटर, कारखान्यातले काटे, सगळीकडे ते हेच पकडत आले होते. आता म्हातारपणी स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर बसून हीच लबाडी करायची, तर लोक काय म्हणतील? बँक मॅनेजर नक्कीच काहीतरी म्हणतील.

बायको म्हणाली, मग दुकानातून आणू या की. इकडे आड, तिकडे विहीर. मापसाहेब दोन्हींच्या मध्ये बराच वेळ येरझारा घालत राहिले आणि शेवटी त्यांना वाट सापडली. निरीक्षक माणसाला नियमातून वाट सापडतेच. चिप 'भरलंय' म्हणणार, हे खोटं कधी ठरेल? आत शाई कमी असेल तर. पण कार्ट्रिज खरोखरच पूर्ण भरलेलं असेल, तर चिप खरं बोलेल. किंबहुना जन्मात पहिल्यांदाच खरं बोलेल. म्हणजे ही लबाडी नव्हेच. हे माप दुरुस्त करणं झालं. हे त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. ती टाके मोजत होती, तिने मान हलवली.

रीसेटर आणि बाटल्यांतली शाई आणायला संगणकाच्या दुकानात जायची त्यांनी दुपारची वेळ निवडली, रस्त्यावर ओळखीचं कुणी नसतं तेव्हाची. दुकानदाराने डबी काचेवर ठेवली तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूंना बघून घेतलं. घरी येऊन दाबली तर दिवा तांबडाच. पिना वरून दाबल्या, खालून दाबल्या, तांबडा तो तांबडाच. परत गेले. दुकानदार म्हणाला, तुमची चिप पुढच्या पिढीची आहे. मग त्याने दुसरी डबी दिली आणि ती जास्त जोराने दाबू नका, असं बजावलं. ती कागदी पिशवीत घालून आणताना जिन्यात बँक मॅनेजर भेटले. काय आणलंत, म्हणाले. "बटणं," मापसाहेब म्हणाले. चोराच्या मनात चांदणं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि पडदे ओढून घेतले. जुनी रिकामी कार्ट्रिजं त्यांनी कधी फेकली नव्हती, पुढेमागे पुरावा म्हणून लागतील असं वाटून ठेवली होती. त्यातलं एक निळं घेतलं. बाकीचे तीन रंगही तळाला आले होते, म्हणून तेही भरायचे ठरले. किती भरायचं? इथे डॉक्टरांच्या अंदाजाला वाव नव्हता. कंपनीच्या डब्यावर एका कोपऱ्यात, भिंग लावल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, भरलेल्या कार्ट्रिजचं वजन ग्रॅममध्ये छापलेलं होतं. सबंध डब्यावर त्यांना तेवढाच एक आकडा प्रामाणिक वाटला. त्यांनी स्वयंपाकघरातला काटा आणला. चपटा, आकडे दाखवणारा, बायको ज्यावर पीठ आणि लोकर तोलायची तो. त्यावर कार्ट्रिज ठेवून त्यांनी सुई आत घातली आणि थेंब थेंब शाई सोडायला सुरुवात केली.

काम सुरेख चाललं होतं. काट्यावरचा आकडा हळूहळू वर सरकत होता. नोकरीतली सगळी वर्षं त्यांच्या बोटांत उतरली होती. हातमोजे त्यांनी काढून टाकले, हाताला नीट कळत नाही म्हणून. ठरलेल्या वजनाला थोडी कसर असतानाच भोकाशी निळा फुगा आला. म्हणजे पोट भरलं असं कार्ट्रिज सांगत होतं. पण काटा म्हणत होता, अजून कमी आहे. मापसाहेबांचं एक जुनं वाक्य होतं, नव्या निरीक्षकांना ते पहिल्याच दिवशी ऐकवायचे. डोळा फसतो, काटा फसत नाही. त्यांनी फुगा टिपून घेतला, स्पंजला जिरायला वेळ दिला आणि पुन्हा थेंब सोडले. पुन्हा टिपलं, पुन्हा सोडले. काटा जेव्हा बरोबर छापलेल्या आकड्यावर येऊन थांबला, तेव्हाच त्यांनी रबरी बूच दाबून बसवलं. असे चारही रंग झाले. मग एकेक चिप रीसेटरवर टेकवली. दिवा हिरवा झाला की ते खिडकीच्या पडद्याकडे बघून घ्यायचे आणि स्वतःला सांगायचे, आत पूर्ण आहे, खोटं काही नाही.

आतल्या खोलीतून आवाज येत होता. "नमस्कार. मी…"

त्यांनी एक कागद छापून बघितला. खंड्या असा उतरला की आता उडेल. पंख निळेभोर, पोट नारिंगी. ते कागद घेऊन आत गेले. बायकोने तो दोन्ही हातांनी धरला आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मापसाहेबांना वाटलं, चिरलेलं कार्ट्रिज, डुगडुगती खुर्ची, तांबडा दिवा, सगळं वसूल झालं. बाकीचे कागद सकाळी छापू, तोवर शाई बसू दे, असं त्यांनी ठरवलं. घाईत केलेली तपासणी ते कधी मान्य करत नसत.

सकाळी ते उठून टेबलाशी गेले तेव्हा प्रिंटरच्या खाली एक तळं साचलं होतं. त्याला एक रंग नव्हता. निळं, गुलाबी आणि पिवळं एकमेकांत मिसळून मध्ये चिखलासारखं काही झालं होतं आणि त्याची एक शाखा टेबलाच्या कडेवरून खाली उघड्या खणात पोचली होती. त्या खणात बायकोने हाताने रंगवलेली मूळ नक्षी होती. काय होतंय ते बघायला मापसाहेबांनी प्रिंटर दोन्ही हातांनी उचलून तिरका केला. हा निर्णय चुकला. आत राहिलं होतं तेही बाहेर आलं, त्यांच्या हातांवर, सदऱ्यावर आणि थोडं भिंतीवर. प्रिंटरच्या पडद्यावर मात्र चारही रंग काठोकाठ भरलेले दिसत होते.

बायको आली. तिने आधी खणातला कागद उचलला. खंड्याची मान तेवढी कोरडी राहिली होती. तिने तो कोरड्या वर्तमानपत्रावर पसरला.

"मी बरोबर भरलं होतं," मापसाहेब म्हणाले. "वजन करून. छापलेल्या आकड्याइतकं, एक थेंब जास्त नाही."

"कशावर केलंत वजन?"

त्यांनी काट्याकडे बोट केलं. बोट निळं होतं.

"तो कमी दाखवतो," ती म्हणाली. "माझ्या हातून पडला होता ना, तेव्हापासून. मी धरून चालते. पीठ घेताना थोडं कमी घेते, झालं."

मापसाहेब काट्याकडे बघत राहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावातले काटे तपासून तपासून त्यांनी जन्म घालवला आणि स्वतःच्या ओट्यावरचा काटा खोटं बोलत होता. घरात ते फक्त त्यांना माहीत नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?" ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. तो क्वचितच चढायचा. "अहो, ती चिप लबाड आहे, कंपनी लबाड आहे, सगळं मान्य. पण तिचा न्याय माझ्याच कागदांवर कशाला? आज माझा वर्ग आहे. एका दुपारपुरता का होईना, माझा. तुमच्या खऱ्या-खोट्यासाठी मी तो का घालवायचा?"

खात्यात एवढी वर्षं काढून त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कलम होतं, पण याला नव्हतं. त्यांना शरम वाटली. साधी, सरळ शरम, जी त्यांना आजवर दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर बघायची सवय होती. त्यांनी हात धुतले. पाणी निळं झालं, हात तसेच राहिले. मुलीने पाठवलेली नक्षी फोनवर होती. फोन घेऊन ते खाली उतरले आणि कोपऱ्यावरच्या दुकानाची पायरी चढले.

वाटेत त्यांनी मनाशी बरीच तयारी केली होती. तो काय बोलेल, मग आपण काय बोलायचं. माफी मागायची वेळ आली तर किती मागायची. दुकानदार कागद लावत होता. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "बोला काका." मापसाहेब म्हणाले, मागे आपलं जरा झालं होतं. दुकानदाराने आठवायचा मनापासून प्रयत्न केला. मग म्हणाला, "नवीन राहायला आलात का इकडे?"

एवढी वर्षं मान वळवून चालल्यामुळे मान दुखायची, ती या माणसासाठी! मापसाहेबांना क्षणभर राग आला आणि मग तोही टिकला नाही. दुकानदाराची नजर त्यांच्या हातांवर गेली. घरी रिफिल केलंत वाटतं, म्हणाला. शनिवारी सकाळी असे दोघे-तिघे येतातच. त्याने नक्षी छापायला लावली. गठ्ठा हातात आला तेव्हा मापसाहेबांनी तो मोजला नाही. वेळ नव्हता, आणि मोजायचं धाडसही नव्हतं.

दुपारी सभागृह भरलं. सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त लोक आले होते. म्हाताऱ्या, तरुण मुली, एक मिशीवाले गृहस्थसुद्धा सुया घेऊन आले होते. मापसाहेबांनी कागद वाटले आणि ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. शेजारच्या बाईंनी त्यांचे निळे हात बघून आपली पांढरी लोकर जरा पलीकडे सरकवली.

बायको पुढे उभी राहिली. "नमस्कार," म्हणाली. "मी…"

आणि थांबली. सभागृह थांबलं. आपण उठून काहीतरी करावं असं मापसाहेबांना वाटलं आणि काय करायचं ते कळेना. सकाळचा सगळा गोंधळ आपल्यामुळे, आणि आता हेही.

"मी रोज विणते," ती म्हणाली. "लहानपणापासून. म्हणून मला एवढंच येतं, तेवढं तुम्हाला दाखवते."

कुणीतरी हसलं, चांगलं हसलं, आणि मग ती बोलायला लागली ती थांबलीच नाही. कागद हातात धरून घरं कशी मोजायची, रंग बदलताना धागा मागून कसा न्यायचा, ओढ कुठे बसते, सगळं ती सांगत होती. बायकोला एवढं बोलता येतं हे मापसाहेबांना ठाऊक नव्हतं. तेही ऐकायला लागले, आणि ऐकता ऐकता त्यांचं बोट सवयीने समोरच्या कागदावर ओळीवरून फिरायला लागलं. कडेला येऊन ते थांबलं. उजवीकडची शेवटची उभी ओळ कागदावर नव्हती. छापताना कापली गेली होती. खंड्याला चोचीचं टोकच नव्हतं, सगळ्या कागदांवर.

मापसाहेब अर्धे उठले. कमी आहे! हा शब्द त्यांच्या जिभेवर येऊन बसला होता, दुकान, दुकानदार, भरपाई, सगळं त्याच्या मागोमाग रांगेत उभं होतं. बायकोने समोरून त्यांच्याकडे बघितलं. ते खाली बसले. तोंड मिटून बसणं एवढं अवघड असतं हे त्यांना त्या दिवशी कळलं.

थोड्या वेळाने मिशीवाल्या गृहस्थांच्याच लक्षात आलं. मॅडम, म्हणाले, चोच अर्धी आहे.

"हो, शेवटची ओळ आलेली नाही," ती म्हणाली. "तिथे एक काळा टाका मनाने घाला. विणताना थोडं मनाने घालावंच लागतं."

सगळ्यांनी मान डोलावली आणि पुढे विणायला लागले. मापसाहेबांनीही मान डोलावली.

वर्ग संपल्यावर तिच्याभोवती बायकांचा घोळका झाला. पुढच्या शनिवारी पुन्हा घ्याल का, असं विचारत होत्या. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई लगबगीने आल्या आणि मापसाहेबांना विचारलं, तुम्ही कोण? "मी मॅडमच्या घरचा," ते म्हणाले. हे वाक्य तोंडातून जाताना त्यांना जड जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

दोघं चालत घरी निघाली. ती दमली होती, पण दमल्यासारखी चालत नव्हती. चालता चालता तिने विचारलं, "कसं झालं? खरं सांगा."

या प्रश्नाचं उत्तर मापसाहेबांनी आजवर नेहमी एकाच पद्धतीने दिलं होतं. लग्नाच्या जेवणापासून मुलीच्या निकालापर्यंत सगळीकडे, चांगलं झालं पण अमुक इतकं कमी पडलं. बायकोला ते पाठ होतं. ती त्या 'पण'ची वाट बघत चालत राहिली.

"काही कमी नव्हतं," ते म्हणाले.

"चोचीचं टोक नव्हतं."

"माझ्या लक्षात नाही आलं."

तिने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. ते सरळ समोर बघत चालले होते, एखाद्या दुकानातून चोरलेला माल घेऊन निघालेल्या माणसासारखे. तिला सगळं समजलं. मग तिने खांद्यावरची लोकरीची पिशवी काढली आणि त्यांच्या निळ्या हातात दिली.